शोधनिबंधाचा विषय कुठे सापडतो?

आमच्या शाळेत नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाकाठी एक छोटा शोधनिबंध लिहून घेण्याची प्रथा आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या आठवड्यात मुलांनी विषय सुचवायचा, आश्विन पौर्णिमेपर्यंत तो पक्का करायचा, दिवाळीच्या सुट्टीत घरी राहून माहिती जमवायची आणि जानेवारीत साऱ्या वर्गासमोर निबंध वाचायचा, असा हा क्रम. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आपापला निबंध आठवत असेल. काहींना तो आठवू नये असेही वाटत असेल. या स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही, म्हणजे हे काम पाहणाऱ्या शिक्षकांनी, त्या क्रमातील पहिल्याच पायरीविषयी लिहायचे ठरवले. निबंध बिघडतो तो बहुधा तिथेच.

पहिल्या आठवड्यात हाती येणारी यादी आम्हाला आता पाठ झाली आहे. ‘प्रदूषण : एक समस्या’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘अंधश्रद्धा निर्मूलन’, ‘व्यसनमुक्ती’, ‘मोबाइलचे फायदे-तोटे’ आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : जीवन व कार्य’. या शेवटच्या विषयाला नकार देताना आमचीही जीभ जड होते. पण चौदा वर्षांच्या मुलाने वीस पानांत बाबासाहेबांचे जीवन व कार्य लिहायचे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातील वाक्ये आपल्या अक्षरात उतरवणे, याखेरीज फारसे काही घडत नाही. बाजारात तयार प्रकल्पवह्या मिळतात, आता तर मोबाइलवर क्षणात पाने भरून येतात. अशा निबंधात चूक शोधून सापडत नाही, आणि तो लिहिणारे मूलही त्यात कुठे सापडत नाही.

याचा दोष मुलांच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. विषय म्हणजे काहीतरी मोठे, छापील आणि घराबाहेरचे असते, हे त्यांना आम्हीच शिकवले. ज्या घरात पुस्तके नाहीत, त्या घरात विषय कुठला असणार, अशी एक समजूत शाळांतून न बोलता रुजत जाते. आमच्या वस्त्यांच्या बाबतीत तर तिला आणखी एक पदर आहे. पाहण्या आमच्यावर पुष्कळ झाल्या. बाहेरून माणसे आली, ओसरीवर बसली, प्रश्नावल्या भरून घेऊन गेली. त्यांच्यापैकी कोणाचा अहवाल पुन्हा वस्तीत वाचायला आला, असे आम्हाला आठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केवळ उत्तरे दिली, त्यांच्या मुलामुलींनी प्रश्न विचारायला शिकणे ही शालेय उपक्रमाहून मोठी गोष्ट आहे, असे आम्ही मानतो. म्हणूनच विषयनिवडीवर आम्ही दोन-दोन महिने घालवतो आणि पालकांचा ‘अजून विषयच ठरला नाही का?’ हा रोष पत्करतो.

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘पाणी’ हा विषय झाला. तो घेऊन आलेल्या मुलाला आम्ही वसतिगृहाच्या विहिरीपाशी नेतो. ही विहीर मार्चअखेर तळ गाठते, पलीकडच्या वावरातील विहिरीला मात्र मे महिन्यातही मोटार लागते. असे का? हा प्रश्न झाला. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचे नशीब वेगळे असू शकते. पण हे वाक्य लिहून मुलाने थांबू नये. दोरीला दगड बांधावा, वीतभर अंतरावर गाठी माराव्यात, दर रविवारी पहाटे मोटार सुरू होण्यापूर्वी काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. पहाटेचा आग्रह एवढ्यासाठी की उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सरळ उभ्या कडांच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून अंगणात ठेवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आमचा विद्यार्थी एकाच विहिरीची पातळी आठवड्याला मोजतो. त्या एका विहिरीपुरता त्याच्या वहीत शासनाच्या दप्तरातही नसलेला मजकूर जमा होतो. हे त्याच्या ध्यानी येते तेव्हा त्याची मान जराशी ताठ होते. आम्ही ते पाहिले आहे.

बरेच जण येथे ‘सर्वेक्षण’ नावाच्या सोप्या वाटेला वळतात. ‘प्रदूषण वाईट आहे असे आपणास वाटते काय? होय / नाही’ अशी प्रश्नावली घेऊन मूल पन्नास घरे फिरते, पन्नास ‘होय’ घेऊन येते आणि वर्तुळालेख काढते. पूर्ण वर्तुळ एकाच रंगात रंगवलेला असा एक आलेख आमच्या कपाटात अजून आहे.

प्रश्न कसा सुचतो, हे मुलांना सांगायचे तर आम्हाला सेवाग्रामची आठवण काढावी लागते. बापूंच्या कुटीसाठी मुलांची सहल तेथे जातेच. पण पालीचे थोर पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ४ जून १९४७ रोजी, अन्नत्याग करून, तेथेच देह ठेवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गोव्यातील साखवाळ या गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या मुलाला शालेय शिक्षण जेमतेम मिळाले. ‘बालबोध’ या मराठी मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा एक छोटा लेख त्यांनी तरुणपणी वाचला, आणि त्या लेखाने त्यांना घराबाहेर काढले. संस्कृत, मग पाली, मग सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, पुढे हार्वर्डपर्यंत. मुलांच्या मासिकातल्या चार पानांची ही करामत आहे, हे आम्ही स्मरणिकेत मुद्दाम नोंदवतो.

कोसंबींच्या एका प्रश्नाकडे मुलांचे लक्ष आम्ही विशेष वेधतो. सिद्धार्थाने रथातून जाताना म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि रात्री गुपचूप घर सोडले, ही कथा सर्वांनी ऐकलेली, आमच्या वंदनागृहाच्या भिंतीवर रंगवलेलीही. कोसंबींनी ती जुन्या पाली सुत्तांशी ताडून पाहिली. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तथागत स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात, त्यात रथही नाही आणि मध्यरात्रही नाही, आईवडील रडत असताना आपण केस उतरवून बाहेर पडलो, असे तेथे आहे. मग ही दुसरी कथा आली कुठून? आणि खरे कारण कोणते? त्यांचा शोध शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यापर्यंत पोहोचला. पुढे बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न मांडले, त्यांतला पहिला हाच आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे मानावे?

हा प्रश्न विचारण्यासाठी पाली येणे आवश्यक नव्हते. वर्गातील कोणतेही मूल तो विचारू शकले असते. उत्तरासाठी पाली लागली. प्रश्नासाठी लागला तो केवळ सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीपाशी क्षणभर थांबण्याचा धीर. चित्रातील रथ पाहून ‘सर, त्यांच्या घरात आजी-आजोबा नव्हते का?’ असे एका मुलाने विचारले होते. त्याला आम्ही गप्प केले असते तर वंदनागृहात शांतता राहिली असती, इतकेच.

मात्र थांबता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच सोडून देणे. शिंशपावनात तथागतांनी मूठभर पाने उचलून भिक्षूंना विचारले होते की ही पाने अधिक की वनातली, हा प्रसंग आमची मुले प्रवचनात ऐकतात. मुठीतली पाने म्हणजे दुःखमुक्तीसाठी उपयोगी तेवढे ज्ञान, हा त्याचा मूळ अर्थ. निबंधापुरता आम्ही तो थोडा वाकवतो, त्याबद्दल भन्तेजींनी क्षमा करावी. जंगल घेऊन येणाऱ्या मुलाला आम्ही मूठ दाखवतो. ‘विदर्भातील कापूस’ राहू दे. तुझ्या घरच्या दोन एकरांत यंदा पेरणीपासून पहिल्या वेच्यापर्यंत कशाकशावर किती खर्च झाला, ते तारखेनिशी लिहून आण. आणखी दोन शेजाऱ्यांचे आण. तिघांचे आकडे समोर ठेवले की प्रश्न आपसूक उभा राहतो, कारण ते आकडे सारखे येत नाहीत.

आता घरांतील साधनांविषयी. आमच्या बहुतेक पालकांच्या घरी लोखंडी पेटीत किंवा फळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, आजोबांची टी.सी. असे कागद असतात. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात म्हणून तहसील, पंचायत समिती आणि गावची शाळा यांच्या फेऱ्या मारमारून ते जमवलेले असतात. प्रमाणपत्र हाती आले की पिशवी पुन्हा फळीवर जाते. आमच्या मते ती पिशवी हे घरातील पहिले दप्तरखाना आहे. तिच्यातील कागद जात सिद्ध करण्यासाठी मिळवले गेले, हे त्यांचे दुर्दैव. त्यांच्यातील मजकूर त्याहून पुष्कळ अधिक सांगतो. घरातील पहिले मूल शाळेत कोणत्या वर्षी गेले? वयाच्या कितव्या वर्षी? कोणत्या इयत्तेतून नाव कमी झाले, आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात काय लिहिले आहे? घरातील पहिली मुलगी त्यानंतर किती वर्षांनी गेली? वर्गातील दहा मुलांनी आपापल्या पिशव्यांतून एवढेच उतरवून आणले तर दहा गावांचा, शंभर वर्षांचा तक्ता तयार होतो.

एका विद्यार्थ्याने याच कागदांतून काढलेला प्रश्न आम्हाला फार आवडला होता. आपल्या गावच्या शाळेच्या नोंदवहीत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द प्रथम कोणत्या वर्षी उमटला? जनगणनेतील मोठा आकडा पाठ्यपुस्तकाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती, ती १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाली. पण हा बदल एका गावच्या नोंदवहीत, एका गुरुजींच्या हस्ताक्षरात कसा उतरला? धर्मांतरानंतर लगेच, की पाच-दहा वर्षांनी? आईबापांनी आग्रह धरला की गुरुजींनी जुनेच लिहून टाकले? सवलती जातील या भीतीने काहींनी जुनीच नोंद राहू दिली का? राज्याने नवबौद्धांना सवलती पूर्वीच दिल्या असल्या तरी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला, हे लक्षात घेतले तर ती भीती निराधार म्हणता येत नाही. एका रकान्यातील एका शब्दामागे घराघरांतून केवढा विचार झाला असेल, हे त्या मुलाला नोंदवही चाळताना उमगले. नोंदवही पाहण्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि इतरांची नावे निबंधात घालता येत नाहीत, हेही त्याला तेथेच शिकावे लागले.

कागद राहतात, माणसे राहत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. वर्ध्याहून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातील गावोगावची माणसे रेल्वेने, बंडीने आणि पायीही गेली, हे आपण भाषणांतून ऐकतो. पण कोणत्या गावातून कोण, कसे गेले, हे लिहून ठेवलेली घरे थोडी आहेत. येथे घाई करावी असे आम्ही मुलांना एरवी कधी न वापरलेल्या स्वरात सांगतो.

त्यासाठीही प्रश्न नीट घडवावा लागतो. ‘आजी, धम्मदीक्षेचे महत्त्व सांग’ असे विचारले तर आजी विहारात ऐकलेले भाषणच परत ऐकवते. तिला विचारावे की घरून किती वाजता निघालात? शिदोरीला काय होते? पांढरे लुगडे घरचे होते की मागून आणले? रात्री कुठे निजलात? गुरे कोणाकडे सोपवली? परत आल्यावर देव्हाऱ्यातील देवांचे काय केले, कोणी केले, तेव्हा घरात कोणी रडले का? आणि गावातील बाकीच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले का? अशा प्रश्नांना आजीजवळ भाषण तयार नसते. ती थांबते, आठवते, मग बोलते. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरलाही नागपुरात दीक्षा दिली आणि १६ ला चंद्रपुरात. तेव्हा ‘आमच्या गावचे लोक नेमके कोणत्या दिवशी, कुठे होते?’ हा निबंध होऊ शकेल इतका चांगला प्रश्न आहे. एक आजोबा चौदा म्हणतील, दुसरे पंधरा. मूल घाबरून आमच्याकडे येते आणि विचारते की खरे कोणाचे लिहू? दोघांचेही लिहावे, कोण काय म्हणाले ते लिहावे, आणि ते दोघे एकत्र निघाले होते की वेगवेगळ्या गाडीने, हे पुन्हा जाऊन विचारावे. मोठमोठ्या पंडितांतही हे होते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे आपले पवनारच, असे डॉ. वा. वि. मिराशींचे मत होते. इतर काहींना ती रामटेकजवळच्या मनसरला दिसते. यामुळे मिराशींचा मान कमी झाला नाही.

या सगळ्यावर एका पालकसभेत एक आक्षेप घेतला गेला होता, आणि तो आम्ही विसरू शकलेलो नाही. एक पालक उठून म्हणाले, ‘गुरुजी, शहरातली पोरं रोबोट बनवतात अन् आमच्या पोरानं विहीर मोजायची का? आमचा बाप विहीरच खोदत होता.’ सभेत हशा पिकला, पण आम्हाला हसता आले नाही. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली. हस्तोद्योग आणि परिसर यांतून शिक्षण, हा तिचा गाभा. तिच्यातील चांगले आम्ही घेतोच. पण ज्यांना धंदा जन्माने चिकटला होता, त्यांच्या मुलांना पुन्हा हातकामाकडे नेणारे शिक्षण आपल्या समाजाला शंकास्पद का वाटले, हेही समजण्यासारखे आहे. ‘परिसरातील विषय घ्या’ हा सल्ला अशा रीतीने दिला जाऊ शकतो की त्याचा अर्थ ‘आपल्या पायरीनेच राहा’ असा होतो. आमच्याकडूनही तो तसा दिला गेला असेल.

म्हणून आम्ही तेव्हापासून बाबासाहेबांच्या निबंधांची यादीच वर्गात लावली. ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींविषयी निबंध वाचला. विषय घरचा, अंगावर भोगलेला. पण त्यात त्यांनी दुःखाची कहाणी सांगितली नाही. जात टिकते ती कोणत्या यंत्रणेने, हा एकच धागा धरला आणि तो जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहापर्यंत नेला. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिले. जमिनीचे तुकडे कसे जोडावेत, याची चर्चा तेव्हा सगळेच करत होते. त्यांनी प्रश्नच उलटवला. जमीन लहान आहे असे म्हणताना आपण केवळ एकर मोजतो. पण तिच्यावर लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत, यावरच ती लहान की मोठी हे ठरत नाही काय? दोन एकरवाल्यांच्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. आणि लंडनच्या डी. एस्सी. पदवीसाठी त्यांनी विषय घेतला तो रुपयाचा. चलनाचे मोल, सोने, विनिमय. १९२३ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या विषयावर अस्पृश्याच्या मुलाने लिहावे असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यांनी परवानगी मागितली नाही.

त्या पालकांचा मुलगा पुढे सौर पट्टीवर निबंध करायला बसला. वसतिगृहाच्या छपरावरील पट्ट्यांपैकी एक रोज पुसायची, एक तशीच ठेवायची, दुपारी बाराला दोन्हींचे व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे. धुळीने वीज किती कमी होते, हा त्याचा प्रश्न. मीटर आम्ही माजी विद्यार्थ्याकडून मागून आणला. जवळचे म्हणजे हात पोचेल असे, एवढाच अर्थ आम्ही आता घेतो. साधन हाताशी असावे, आणि पुरावा आणायला सकाळी निघालेले मूल एस.टी.ने संध्याकाळच्या वंदनेपर्यंत परत येऊ शकावे. विषय आकाशातला असला तरी हरकत नाही. रोज रात्री आठला चंद्र कुठे दिसतो, हे खिडकीच्या गजांवरून महिनाभर नोंदवणारीही एक मुलगी होऊन गेली. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही दहा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून हेच अपेक्षित असते. तेथे जाणाऱ्या आमच्या गटांना बक्षिसाची आशा लागते, तेव्हा त्यांचे आकडे फार सुबक येऊ लागतात. सुबक आकड्यांची आम्हाला भीती वाटते.

कारण उत्तर आपल्याला हवे तसे येणार नाही, अशी शक्यता ज्या प्रश्नात नाही, त्याला आम्ही शोधाचा प्रश्न म्हणत नाही. ‘अंधश्रद्धा’ या विषयात नेमकी हीच अडचण असते. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि अंधश्रद्धाळू माणूस नेहमी दुसऱ्या वस्तीत राहत असतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने हा विषय घरात आणला. तिने नातलगांकडून आणि शेजाऱ्यांकडून बौद्ध विवाहांच्या जुन्या-नव्या लग्नपत्रिका गोळा केल्या. वर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, खाली ‘मंगल परिणय’. तिने फक्त वेळ पाहिली. ‘सकाळी ११ वाजता’ असे आहे, की ‘११ वाजून ४२ मिनिटांनी’? दुसऱ्या प्रकारच्या पत्रिकेमागे कोणीतरी कुठेतरी पंचांग उघडले असावे, असा तिचा तर्क. मग ती त्या घरांपैकी काही घरी विचारायलाही गेली. तिचे निष्कर्ष ऐकताना सभागृहात काही ज्येष्ठ अस्वस्थ झाले. त्यांतली एक पत्रिका आमच्यापैकीच एकाच्या घरची होती. निबंध मात्र त्या वर्षीचा सर्वांत चांगला होता, आणि आम्ही तो तसाच ठेवला.

एका विषयाबाबत आम्ही मात्र मुलांना अडवतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे होते, त्यांत वर्धा होता. शेतकरी आत्महत्या हा विषय मुलांना सुचणे स्वाभाविक आहे. पण तशा घरांतील मुले याच वसतिगृहात, शेजारच्याच खाटेवर झोपतात. वर्गमित्राच्या आईपुढे प्रश्नावली धरण्याचा अधिकार निबंधाने मिळत नाही. ज्याला या दुःखाच्या मुळाशी जायचे आहे त्याने पेरणीच्या खर्चाकडून, सावकाराच्या आणि बँकेच्या व्याजाकडून, पीकविम्याच्या अर्जाकडून जावे. त्या वाटाही तेथेच पोचतात. आणि ज्या मुलाचे ते स्वतःचे घर आहे, त्याने स्वतःहून लिहायचे म्हटले, तर आम्ही त्याच्याजवळ बसतो आणि त्याला विषय बदलायची मोकळीक शेवटच्या दिवसापर्यंत ठेवतो.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्याकडे आमचे थोडे मागणे आहे. माजी विद्यार्थ्यांनी जमल्यास आपले जुने निबंध शाळेला परत द्यावेत; विहिरीच्या पातळीचे वीस वर्षांपूर्वीचे आकडे आज कोणाच्या तरी घरी माळ्यावर पडलेले असतील आणि यंदाच्या मुलाला ते हवे आहेत. पालकांनी ती प्लॅस्टिकची पिशवी एकदा मुलांसमोर उघडावी आणि प्रत्येक कागद मिळवायला किती फेऱ्या झाल्या, तेही सांगावे. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येईल तेव्हा त्याच्या दप्तरात एक दोनशे पानी वही असेल. तिच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिलेला असेल. तो वाचून पाहावा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि ज्या आजीला ते ठाऊक असेल, तिच्या घरी मुलाला त्याच संध्याकाळी घेऊन जावे.